जुन्या आवृत्तीचा दहावा

सुजाण वाचकहो, प्रस्तुत लेखात मी आमच्या हिमायतनगर येथील ‘नवचैतन्य सार्वजनिक वाचनालया’च्या एकमेव संगणकावर नवी आवृत्ती कशी चढली, तिच्याविषयी जनतेने कोणकोणते परस्परविरोधी अभिप्राय दिले, आणि त्या गदारोळात माझी नोकरी उंबऱ्यापर्यंत जाऊन कशी उभी राहिली, हे सर्व क्रमाने निवेदन करणार आहे. यात कोणाची बदनामी करण्याचा हेतू नाही. ज्यांची होईल त्यांनी ती स्वहस्ते केलेली आहे. मी केवळ लेखनिक.

प्रथम माझा परिचय. मी या वाचनालयाचा शिपाई आहे. शिक्षण दहावी, तेही गणित वगळून. परंतु गेल्या अकरा वर्षांत येथील प्रत्येक पुस्तकाची धूळ मी झटकलेली आहे, आणि झटकता झटकता जे दिसले ते वाचलेले आहे. त्यामुळे माझी भाषा ही अशी झाली. घरी तिचा त्रास होतो. ‘भोजन सिद्ध आहे काय?’ असे विचारले की आमची मंडळी ताट आपटते.

संगणकाच्या बाबतीत मात्र अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असे मी त्या सोमवारपर्यंत ठामपणे मानत होतो. याला आधार होता. वाचनालयातील चार हजार तीनशे बारा पुस्तकांची यादी मी एकट्याने, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तीन वर्षे खपून संगणकात टंकलेली आहे. ते बोट आजही इतर बोटांपेक्षा किंचित आखूड दिसते. नांदेडच्या वजिराबादेतील एका दुकानदाराने त्यासाठी एक जुना, साधा, निळ्या रंगाचा प्रोग्राम बसवून दिला होता. पुस्तकाचे नाव टाकले की कपाट, खण आणि क्रमांक सांगे. याउपर त्याला काही येत नसे. मलाही याउपर काही येत नसल्यामुळे आमचे उत्तम जमले.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. संगणकाचे टेबल ठेंगणे आहे. आमच्या ग्रंथपाल पंचशीला हनवते मॅडम यांची मान खाली बघून अवघडत असे. तेव्हा मी माझ्या बुद्धीने पडद्याखाली एक भक्कम टेकण दिले. मॅडमची मान सुटली. ‘मन्मथभाऊ, याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात व्हायला पाहिजे,’ असे त्या म्हणाल्या. सेवापुस्तक अद्याप उघडलेले नाही, पण भावना महत्त्वाची.

दिवाळी उलटली आणि नांदेडच्या जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचे पत्र आले. अमुक शुक्रवारी वाचनालयाची तपासणी होईल, ‘संगणकीकृत ग्रंथसूची’ तयार ठेवावी. आमचे वाचनालय ‘ब’ वर्गाचे. तपासणीत उणे आढळल्यास ‘क’ वर्ग. आणि ‘क’ वर्ग झाल्यास अनुदान घटून वाचनालयाच्या मंडळाला पगारपत्रकातील शेवटचे नाव कमी करावे लागणार, हे आमचे अध्यक्ष श्रीमंतराव वाकोडे यांनी चहा पिता पिता स्पष्ट केले. आमच्या पगारपत्रकात दोन नावे आहेत. पहिले मॅडमचे आहे.

मी निश्चिंत होतो. यादी संगणकात होती आणि संगणक माझ्या ताब्यात होता.

तपासणीला अकरा दिवस उरले असता, सोमवारी सकाळी मॅडम किनवटला माहेरी गेलेल्या होत्या. मी संगणकाला उदबत्ती ओवाळून तो चालू केला. आणि पडद्यावर निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे उमटली: ‘अभिनंदन. आपला संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र आहे.’

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. पोलीस भरतीत माझी छाती अर्धा सेंटिमीटर कमी भरली. तलाठी भरतीत गणित आडवे आले. घरकुलाच्या यादीत माझे नाव होते, परंतु ते अपात्र लोकांच्या यादीत, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पावसाने वाहून जाईपर्यंत चिकटलेली होती. सोयरिकीच्या वेळी पाच घरांनी मला पाहिले आणि पाचही घरांनी निरोप पाठवतो म्हणून सांगितले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात कोणी तरी प्रथमच मला पात्र म्हणत होते, आणि तेही अभिनंदन करून. माणूस काय करील?

शिवाय मी पुस्तकांतला माणूस. आवृत्ती म्हटले की मला ‘सुधारून वाढवलेली’ एवढेच आठवते. आमच्याकडे दुसरी आवृत्ती आली म्हणून पहिलीची पाने कोरी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दोघी एकाच खणात सवतींसारख्या, पण सुखाने नांदतात. मी ‘होय’ दाबले.

काम साडेदहाला सुरू झाले. पडद्यावर टक्के चढू लागले. वाचनालयात वृत्तपत्रे वाचायला बसलेली मंडळी एकेक करून पडद्यासमोर येऊन बसली. यात अग्रभागी वैजनाथ तात्या. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज नऊला येतात, चारही वृत्तपत्रे वाचतात आणि जाताना त्यातील बहुतेक बातम्या खोट्या असल्याचे सांगून जातात. एकोणतीस टक्क्यांवर काम थांबले. तात्या म्हणाले, “हदगावच्या गाडीसारखं हाय. पुलापाशी आलं की हिचं इंजिन गरम होतंय.” कोणी पाणी मारायला सुचवले. मी ते होऊ दिले नाही.

साडेचारला शंभर टक्के झाले आणि पडद्यावर डोंगरांच्या कुशीतील एक निळेशार तळे प्रकट झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून त्या स्वीकारल्या.

दुसऱ्या दिवसापासून अभिप्राय सुरू झाले. समाजात मोठे परिवर्तन घडते तेव्हा त्याची नोंद राहिली पाहिजे, असे मी वाचलेले असल्यामुळे दोन जाड फुलस्केप वह्या शिवून ‘अभिप्राय नोंदवही, भाग एक व दोन’ असे वर लिहिले आणि टेबलावर पेन बांधून ठेवला. लोकांचा प्रतिसाद अपूर्व होता. आमच्या वाचनालयातील पुस्तकांविषयी अकरा वर्षांत कोणी एक ओळ लिहिली नव्हती.

सिंधुताई आमच्या मंडळाच्या सदस्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. आठवड्याला दोन कादंबऱ्या नेतात. त्यांनी लिहिले की तळे पाहून डोळे निवतात, अशी सुधारणा पूर्वीच व्हायला हवी होती. त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या, कारण चित्र रोज बदलत असे. कादंबरी नेण्याचे मात्र थांबले.

तात्यांचा अभिप्राय विरुद्ध होता. सुरुवातीचे बटण पूर्वी खाली डाव्या कोपऱ्यात असे, ते आता मधोमध आले होते. तात्यांनी हा स्वतःचा अपमान मानला. त्यांनी जन्मात कधी ते बटण दाबले नव्हते. “पंचवीस वर्षं कोपऱ्यात बसलं ते बिचारं,” ते म्हणाले. “कुनाला आडवं आलं न्हाई. आता मधात आनून बसवलं. उद्या ड्रायव्हरलाबी मधात बसवतेत बघ, आन् म्हनतेत, सुधारना हाय.”

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघांनी लिहिले. एकाच्या मते संगणक वाऱ्यासारखा वेगवान झाला. दुसऱ्याच्या मते तो मरतुकडा झाला. दोघांनाही संगणकाला हात लावायची परवानगी नाही, हे येथे नमूद करतो.

सर्वांत सविस्तर अभिप्राय अध्यक्षांचा. श्रीमंतरावांचा वास्तुशास्त्रावर गाढा विश्वास. त्यांनी स्वतःचा बंगला शास्त्राप्रमाणे बांधला, आणि तेव्हापासून ते स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरतात. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले, खिशातून होकायंत्र काढले आणि सांगितले की पडद्याचा मध्य हे ब्रह्मस्थान होय. ब्रह्मस्थान मोकळे असावे. तेथे कंपनीने बटणांची रांग बसवून मोठा दोष केलेला आहे आणि त्याची फळे संस्थेला भोगावी लागतील. हा अभिप्राय त्यांनी सही-शिक्क्यासह लिहून दिला. होकायंत्र पंख्याजवळ नेल्यामुळे उत्तर दिशा दोनदा बदलली, पण निष्कर्ष बदलला नाही.

बुधवारी दुपारी मॅडम किनवटहून आल्या. त्यांनी तळ्याकडे पाहिले. नंतर माझ्याकडे पाहिले. मग निळ्या प्रोग्रामवर दाबले. पडद्यावर ओळ आली: ‘हा प्रोग्राम या आवृत्तीवर चालू शकत नाही.’

मॅडमनी पुन्हा दाबले. पुन्हा तीच ओळ. संगणकाला एकच वाक्य पाठ असावे तसे.

“मन्मथभाऊ, कोणाला विचारून केलंत हे?”

“त्यानेच विचारले, मॅडम. मी केवळ उत्तर दिले.”

“चार हजार पुस्तकांची यादी होती त्याच्यात.”

“पुस्तके कपाटात सुरक्षित आहेत.”

“तपासणीला कपाट लागत नाही. यादी लागते.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “पगारपत्रकात खाली नाव कोणाचं आहे, माहिताय ना?”

मला माहीत होते. गेले तीन दिवस मला फक्त ‘पात्र’ तेवढे आठवत होते, आता पुढचेही आठवू लागले.

वजिराबादच्या दुकानदाराला फोन लावला. तो हसला. त्याला दिवसातून असे वीस फोन येत होते. त्याने सांगितले की घाबरण्याचे कारण नाही, यादी आत शाबूत आहे, फक्त जुनी आवृत्ती परत आणावी लागेल. अमुक ठिकाणी जा, तेथे ‘परत जा’ असे बटण आहे, ते दाबा. जुने सगळे होते तसे होईल. “पण दहा दिवसांच्या आत दाबा,” तो म्हणाला. “नंतर ते बटण राहत न्हाई.”

मी जागा उघडली. बटण होते. ‘परत जा.’ इतके सुंदर दोन शब्द मी कोणत्याही काव्यसंग्रहात वाचलेले नाहीत. माझे आखूड बोट पुढे झाले. मॅडमनी ते वरच्या वर धरले.

“एकदा न विचारता दाबलंत. आता अध्यक्षांना विचारल्याशिवाय नाही. शपथ घ्या.”

मी समोरच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. नंतर पाहिले तर ते लोणची-मुरंब्यांचे निघाले. तरीही शपथ ती शपथ.

अध्यक्षांना आनंद झाला. नव्या आवृत्तीत दोष आहे हे त्यांनी आधीच लिहून दिले होते. परंतु बटण दाबण्याचा विषय निघताच त्यांनी चष्मा काढला, आणि श्रीमंतरावांनी चष्मा काढला की संस्थेची घटना बाहेर येते. संस्थेच्या मालमत्तेत कोणताही बदल करायचा तर ठराव लागतो. ठरावाला सभा लागते. सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिली तो दिवस सोडायचा आणि सभा आहे तो दिवसही सोडायचा.

“पण साहेब, मी ती नवी आवृत्ती चढवली तेव्हा ठराव नव्हता,” मी म्हणालो.

“म्हणूनच ती बेकायदेशीर आहे, उदगीरे. एका बेकायदेशीर कृत्याची दुरुस्ती दुसऱ्या बेकायदेशीर कृत्याने होत नसते.”

वाक्य इतके सुबक होते की मी ते पाठ केले. त्यातून माझी नोकरी वाचत नव्हती, हे नंतर लक्षात आले.

त्याच बुधवारी नोटीस निघाली. सभा त्यापुढच्या गुरुवारी चार वाजता. मी बोटांवर मोजले. संगणकावर नवी आवृत्ती चढली सोमवारी. सोमवारपासून मोजता पुढचा गुरुवार अकरावा येत होता. मी हे अध्यक्षांच्या निदर्शनास आणले. त्यांनी दयेने माझ्याकडे पाहिले. पहिला दिवस मुदतीत धरायचा नसतो, हे कायद्याचे मूलतत्त्व आहे, असे ते म्हणाले. सोमवार सोडला की मंगळवार पहिला आणि गुरुवार बरोबर दहावा. कंपनी कितीही मोठी असली तरी कायद्याबाहेर नाही.

गणित वगळून दहावी झालेल्या माणसाने यावर काय बोलावे?

बोलले ते वैजनाथ तात्या. वृत्तपत्राच्या मागून, पान न हलवता. “कायद्याचं मला ठावं न्हाई,” ते म्हणाले. “पन मानूस गेला की दिवस गेल्यादिवशीपासून धरतेत. जुनं सोमवारी गेलं. सोमवार धरून बुधवारी दहावा. गुरुवारी अकरावा. अकराव्याला कावळाबी फिरकत न्हाई.”

अध्यक्षांनी त्यांना सांगितले की हा दशक्रियेचा विषय नाही, तंत्रज्ञानाचा आहे. तात्या म्हणाले, बरं. आणि पान उलटले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मी जाणतो. नव्या आवृत्तीने रोज नवे चित्र दाखवावे, सिंधुताईंनी ‘आज हरणं आलीत’ म्हणून सर्वांना हाका माराव्यात, अभिप्रायाची वही भरत जावी, आणि मी दिवसातून चार वेळा ती जागा उघडून ‘परत जा’ आहे ना हे पाहून यावे. दवाखान्यात पडलेल्या नातेवाइकाच्या छातीला हात लावून बघतात, तसे. घरी मी सर्व प्रकार सांगितला. मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, “नोकरी गेली तर बघू. माझ्या भावाच्या किराण्यात पुड्या बांधा. पन तिथं गिऱ्हाईकाला ‘भोजन सिद्ध’ म्हनू नका.”

बुधवार उजाडला. दुपारी एक वाजता मॅडम पोस्टात गेल्या. वाचनालयात मी आणि तात्या दोघेच. तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“आज दहावा हाय, मन्मथ.”

“अध्यक्ष म्हणतात उद्या आहे.”

“अध्यक्ष मागच्या दारानं घरात जातंय. तू त्येचं काय ऐकून राहिलास? दाब गप. कोन बघायलंय?”

“तात्या, मी शपथ घेतलेली आहे.”

“कशावर?”

“पुस्तकावर.”

“कोनत्या?”

मी सांगितले. तात्यांनी वृत्तपत्राची घडी केली. “लोनच्यावर शपथ घेतली आन् नोकरी घालवून राहिला. दाब म्हनतो ना.”

मी जागा उघडली. बटणावर बाण नेला. एकच दाब. बाहेर मॅडमच्या चपलांचा आवाज नव्हता, कोणाचाच नव्हता, नुसता पंखा फिरत होता. बोट बटणावर टेकले, आणि मी ते उचलले. प्रामाणिकपणाचे वर्णन पुस्तकांत मोठ्या गौरवाने केलेले असते. प्रत्यक्षात एक बोट उचलून खिशात घालावे लागते, याउपर त्यात काही नाही.

“न्हाई होत तुझ्यानं,” तात्या म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगायला स्वतः उठून गेले. अकरा वर्षांत प्रथमच.

गुरुवारी चार वाजता सभा भरली. पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करणे. त्यात ‘पोहे देण्यात आले’ की ‘उपमा देण्यात आला’ यावर वीस मिनिटे गेली. दुसरा विषय पिण्याच्या पाण्याचा माठ. तिसरा संगणक. मी दारात उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

अध्यक्षांनी मांडणी केली की जुन्या आवृत्तीकडे परत जावे. सिंधुताईंनी विचारले, “परत गेल्यावर तळं राहतंय का?”

मॅडमनी सांगितले की राहणार नाही.

“मग माझा विरोध हाय,” सिंधुताई म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत या वाचनालयात बघण्यासारखं एक आलं, तेबी काढून टाकायलेत.”

आणखी दोन सदस्य त्यांच्या बाजूला गेले. एकाला हरणे आवडली होती, दुसऱ्याचे श्रीमंतरावांशी शेताच्या बांधावरून जुने होते. मते तीन विरुद्ध तीन. अध्यक्षांनी निर्णायक मत देण्यापूर्वी ब्रह्मस्थानावर बारा मिनिटे भाषण केले. घड्याळात पाच वाजले. मग ठराव झाला, सूचक लिहिला गेला, अनुमोदक लिहिला गेला. एवढ्या महत्त्वाच्या प्रसंगी बटण अध्यक्षांनीच दाबावे असे ठरले. नारळ फोडला. श्रीमंतरावांनी रुमालाने बोट पुसले. मी ती जागा उघडून दिली.

बटण राखाडी झाले होते. खाली लिहिले होते: ‘हा पर्याय आता उपलब्ध नाही. दहा दिवसांची मुदत संपली आहे.’

श्रीमंतरावांनी तरीही ते दाबले. तीनदा.

नारळाचे पाणी टेबलावरून टपटप खाली पडत होते. वृत्तपत्राच्या मागून आवाज आला, “कावळा कालच शिवून गेला.”

अध्यक्ष संतापले, मात्र कंपनीवर. कंपनीने पहिला दिवस मुदतीत धरून कायद्याची पायमल्ली केली, याबद्दल तिच्या निषेधाचा ठराव त्यांनी तेथेच मांडला. तो एकमताने मंजूर झाला. आमच्या मंडळाच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव. सिंधुताईंनीही हात वर केला, त्यांना वाटले तळ्यासाठी आहे.

जाताना श्रीमंतराव माझ्याजवळ थांबले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उदगीरे, उद्या वर्ग गेला तर आमचाही नाइलाज आहे. तुमच्या नावाचा विषय पुढच्या सभेत घेऊ. घाबरू नका, सात दिवसांची नोटीस देऊन घेऊ.”

शुक्रवारी अकराला तपासणी अधिकारी सुदर्शन साहेब नांदेडहून रेल्वेने आले. मी स्वच्छ सदरा घातला होता. संगणक चालू ठेवला होता. त्यावर त्या दिवशी बर्फाचा डोंगर आला होता. तेवढ्यावर साहेबांचे मन रमेल अशी माझी योजना होती. ती योजना म्हणायला नको, प्रार्थना म्हणावी. मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अध्यक्ष शाल घेऊन उभे. सिंधुताई आणि तात्या वाचक म्हणून हजर.

साहेब बसले. पिशवीतून लॅपटॉप काढला, उघडला, पडद्याकडे पाहून ओठ दाबले आणि बंद केला.

“महिना झाला,” ते मॅडमना म्हणाले, “आमच्या कार्यालयात नवी आवृत्ती चढवली. तेव्हापासून तपासणीचा नमुना उघडत नाही. वरचे साहेब म्हणतात, अद्ययावत व्हा. मी झालो. नमुना झाला नाही.” मग त्यांची नजर आमच्या संगणकाकडे गेली. “तुमचंही तेच दिसतंय. मला त्याचं तोंड दाखवू नका. दाखल नोंदवह्या आणा.”

दाखल नोंदवही म्हणजे पुस्तक वाचनालयात आले की ज्यात त्याचा क्रमांक, किंमत आणि तारीख शाईने चढवतात ती वही. आमच्या तीन होत्या. लाल कापडात बांधलेल्या, प्रत्येकी पाटावरवंट्याएवढ्या जड. त्यातूनच मी तीन वर्षे ती यादी टंकली. पत्रात ‘संगणकीकृत’ असा शब्द असल्यामुळे आम्हा कोणालाही बारा दिवसांत त्यांची आठवण झाली नव्हती. मॅडमनी कपाट उघडले. नव्हत्या. दुसरे उघडले. नव्हत्या.

“मन्मथभाऊ, नोंदवह्या कुठंयत?”

यादी संगणकात गेल्यावर त्या वह्या निरुपयोगी झाल्या असे मीच म्हणालो होतो. दिवाळीच्या साफसफाईत मी रद्दी काढली होती. जुनी मासिके, फाटके कॅलेंडर, आणि... मला आठवेना. साहेब पेनचे टोपण काढून वाट पाहत होते. श्रीमंतराव शाल हळूहळू घडी करून पिशवीत ठेवू लागले.

“ते काय,” तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. “ह्या डबड्याच्या बुडाखाली हायेत की. रोज बघायलो मी.”

सर्वांनी पाहिले. बर्फाच्या डोंगराखाली, माझ्या त्या भक्कम टेकणाच्या रूपात, तीन लाल नोंदवह्या एकावर एक बसल्या होत्या. मॅडमची मान त्यांच्यावरच सुटली होती.

मी धावत जाऊन पडदा दोन्ही हातांनी उचलला. मॅडमनी खालून वह्या ओढल्या. पण आता पडदा ठेवायचा कुठे? टेबलावर साहेबांनी तिन्ही वह्या पसरल्या, आणि संगणकाची वायर आखूड. बंद करायला हात मोकळे नाहीत. तेव्हा मी तो पडदा छातीशी धरून, बारशाला बाळ घ्यावे तसा, साहेबांच्या शेजारी उभा राहिलो. दोन तास. पडद्यावर बर्फाचा डोंगर होता आणि वर माझे डोके.

साहेब एकेक पान उलटत होते. शाई कोठे फिकटली नव्हती, एक क्रमांक चुकला नव्हता. दीडच्या सुमारास माझ्या छातीवर काही तरी उजळले. सिंधुताई जवळ आल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, “नवी आवृत्ती आपण इतरांना सुचवाल काय? आमाला इचारायलेत वो!”

“नको म्हणा,” साहेब मान वर न करता म्हणाले.

“हो म्हना,” सिंधुताई म्हणाल्या.

“बटन कोपऱ्यात न्या म्हनावं आधी,” तात्या म्हणाले.

तिघांत एकमत होईना आणि माझे हात भरून आले होते. शेवटी ती पाटी आपोआप निघून गेली. आमच्या मताची वाट पाहून ती कंटाळली असावी.

साहेबांनी शेरेबुकात जे लिहिले ते मला तोंडपाठ आहे: ‘हस्तलिखित दाखल नोंदवह्या अद्ययावत व सुस्थितीत. वर्ग ब कायम. नोंदवह्यांचा वापर फर्निचर म्हणून करू नये. संगणकास स्वतंत्र टेकण पुरवावे.’

श्रीमंतरावांनी शाल परत काढली. सत्काराच्या भाषणात त्यांनी सांगितले की ब्रह्मस्थानाचा दोष वेळीच ओळखल्यामुळे संस्था वाचली. तात्यांनी वृत्तपत्र उघडले. मॅडमनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मान चांगली हलत होती.

शेऱ्यातील शेवटच्या वाक्याची तामिली दुसऱ्याच दिवशी झाली. अध्यक्ष म्हणाले, टेकण विकत घेणे असल्यास ठराव लागेल. मॅडम म्हणाल्या, इथेच काही आहे का बघा. जाड, भक्कम आणि कोणाला कधी लागणार नाही असे. मी शोधले आणि लगेच सापडले. आता पडदा पूर्वीच्याच उंचीवर आहे. सिंधुताईंना तळे दिसते, यादी दिसत नाही, आणि मी उजव्या हाताच्या त्याच बोटाने ती पुन्हा टंकायला घेतली आहे. पुस्तक क्रमांक एकशे सातपर्यंत आलो आहे.

जाता जाता एक क्षमायाचना. या लेखातील जनतेचे अभिप्राय मी अभिप्राय नोंदवही, भाग एक व दोनमधून शब्दशः उतरवून देणार होतो. ते आता शक्य नाही, सर्व स्मृतीतून लिहिले आहे. कोणाचा शब्द मागेपुढे झाला असल्यास सांभाळून घ्यावे. वह्या उपलब्ध आहेत, परंतु त्या काढल्यास मॅडमची मान अवघडते.

एवढे वाचलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
मन्मथ सिद्धलिंग उदगीरे
शिपाई (अद्याप), नवचैतन्य सार्वजनिक वाचनालय, हिमायतनगर